एक चित्रपट, अनेक सरकारे : गोव्यातली २००६ची बंदी

२००६ साली, पावसाळ्याच्या तोंडावर, गोवा सरकारने एका हॉलिवूडपटाला राज्यात बंदी केली. चित्रपट होता ‘द दा विंची कोड’. डॅन ब्राऊनच्या २००३ सालच्या कादंबरीवर रॉन हॉवर्डने तो काढला होता आणि टॉम हँक्स त्यात मुख्य भूमिकेत होता. १७ मे रोजी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा पडदा याच चित्रपटाने उघडला. भारतात केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने, म्हणजे आपल्या बोलीतल्या सेन्सॉर बोर्डाने, त्याला प्रौढांसाठीचे ‘ए’ प्रमाणपत्र दिले होते. म्हणजे कायद्याने सगळे काही रीतसर झाले होते. तरीही पणजी, मडगाव, म्हापसा इथल्या पडद्यांवर तो लागला नाही.

सरकारे परदेशी चित्रपट का अडवतात, या प्रश्नाची पुस्तकी उत्तरे पाठ करता येतात : धर्म, अश्लीलता, देशाची प्रतिमा, परराष्ट्र संबंध, स्थानिक धंद्याचे संरक्षण. ती चूक नाहीत, पण त्यांच्यातून फारसे काही कळत नाही. म्हणून मी हे एकच प्रकरण घेतो. एकाच चित्रपटाला एकाच उन्हाळ्यात इतक्या वेगवेगळ्या सरकारांनी हात लावला की कोणी का अडवला हे शेजारीशेजारी ठेवून पाहता येते. त्यात गोवा माझ्या माहितीतला, त्यामुळे इथून सुरुवात.

आधी दिल्लीत काय झाले

कथेतला वादाचा भाग थोडक्यात असा. येशूने मेरी मॅग्डालेनशी लग्न केले, त्यांना मूल झाले, तो वंश आजही आहे आणि चर्चने ही गोष्ट शतकानुशतके दडपून ठेवली, असे कथेतली पात्रे मानतात. ‘ओपुस देई’ ही कॅथलिक संघटना कथेत खुनी कारस्थान्यांच्या बाजूला उभी दिसते. श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला हे बोचणार हे उघड आहे. गंमत अशी की व्हॅटिकनमधून आलेली हाक बंदीची नव्हती. तिथल्या वरिष्ठ धर्मगुरूंनी लोकांना चित्रपटावर बहिष्कार घालायला सांगितले. ओपुस देईने निर्मात्यांकडे मागणी केली ती ‘हे काल्पनिक आहे’ अशी पाटी लावण्याची. तिकीट न काढणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे आणि पाटी ही विनंती आहे. दोन्हींत सरकार कुठेच नाही.

भारतात मात्र सरकार पहिल्या दिवसापासून मध्ये होते. मुंबईत एका कॅथलिक संघटनेने आंदोलन उभे केले, उपोषणाची भाषा झाली. तेव्हाचे माहिती व प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी कॅथलिक प्रतिनिधींना सोबत घेऊन चित्रपट पाहिला. शर्मिला टागोर तेव्हा मंडळाच्या अध्यक्षा होत्या. शेवटी ठरले ते असे : काटछाट नाही, प्रमाणपत्र ‘ए’, आणि पडद्यावर ‘ही निव्वळ कल्पित कथा आहे’ अशी पाटी. या गडबडीत जगाबरोबर १९ मेच्या सुमारास लागायचा तो चित्रपट आपल्याकडे एक आठवडा उशिरा, २६ मे रोजी आला.

मला विचाराल तर ही तडजोड वाईट नव्हती. मंत्र्यांनी मध्ये पडणे मला रुचत नाही, पण निदान चित्रपट पाहून निर्णय झाला, ज्यांच्या भावना दुखावणार होत्या त्यांना बोलावून दाखवला गेला आणि एक फ्रेमही कापली गेली नाही. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही पुढे टोकाची भूमिका घेतली नाही. तिथेच प्रकरण संपायला हवे होते.

संपले नाही. पाठोपाठ नागालँड, पंजाब, गोवा, तमिळनाडू, आंध्र प्रदेश अशी राज्ये एकेक करून बंदी जाहीर करू लागली.

राज्याच्या हातात नेमके काय असते

इथे थोडा कायदा सांगावा लागेल, कारण पुष्कळांचा समज असा असतो की सेन्सॉर बोर्डाने पास केले म्हणजे झाले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीतली ६०वी नोंद म्हणते की प्रदर्शनासाठी चित्रपटांना मंजुरी देणे हे केंद्राचे काम. राज्याच्या यादीतली ३३वी नोंद नाटक आणि चित्रपटगृहे राज्याकडे देते, पण केंद्राच्या त्या ६०व्या नोंदीच्या अधीन राहून. थोडक्यात, चित्रपटात काय आहे ते दिल्ली बघणार आणि तो ज्या इमारतीत दाखवला जातो ती इमारत राज्य बघणार.

इमारत बघायची म्हणजे परवाना द्यायचा, आगीपासून सुरक्षेची तपासणी करायची, (२०१७मध्ये जीएसटी येईपर्यंत) करमणूक कर गोळा करायचा, गर्दीला पोलीस बंदोबस्त पुरवायचा. चित्रपटगृहाचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघतो आणि त्यांच्याच सहीने नूतनीकरण होते. बहुतेक राज्यांच्या कायद्यांत आणखी एक कलम असते : शांतता भंग होण्याची शक्यता वाटली तर एखाद्या चित्रपटाचे प्रदर्शन काही काळ थांबवता येते. कलमाचा हेतू साधा आहे. गावात दंगल पेटलेली असताना थिएटरसमोर हजारभर माणसे जमू नयेत, एवढाच. पण हेच कलम चित्रपटाच्या आशयावर बंदी घालायला वापरले जाते. आशय बघण्याचा अधिकार नाही, म्हणून इमारतीचा अधिकार पुढे करायचा.

चित्रपटगृहाचा मालक यावर भांडत नाही, भांडू शकत नाही. ज्या कचेरीतून त्याचा परवाना पुढच्या वर्षी निघायचा आहे तिच्याशी तो एका इंग्रजी चित्रपटासाठी वैर कशाला घेईल? त्याच्या हातात त्या शुक्रवारी दुसरे चार चित्रपट असतात. म्हणूनच अशा प्रकरणांत लेखी आदेश निघण्याआधीच पोस्टर उतरलेले असते.

गोव्याचे गणित

आता २००६चा गोवा डोळ्यांसमोर आणा. लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास. २००१च्या जनगणनेत त्यातले सुमारे २७ टक्के ख्रिस्ती, जवळजवळ ६६ टक्के हिंदू. विधानसभा ४० जागांची. इतक्या लहान विधानसभेत दोन-तीन आमदार इकडचे तिकडे झाले की सरकार पडते, आणि ते तसे पडतही आले होते. २००५च्या सुरुवातीला मनोहर पर्रीकरांचे सरकार गेले, मग राष्ट्रपती राजवट, मग जूनमध्ये प्रतापसिंह राणे यांचे काँग्रेसचे सरकार. पुढची निवडणूक २००७च्या जूनमध्ये. म्हणजे बंदी आली तेव्हा मतदानाला वर्षभराचा अवकाश होता आणि दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या कॅथलिक मतांवाचून काँग्रेसचे गोव्यात भागत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये सावर्डे-कुडचडे भागात मुस्लिमांविरुद्ध दंगल झाली. ‘गोव्यात असले काही होत नाही’ असे आपण छाती पुढे काढून सांगत असू, ते त्या आठवड्यात खोटे ठरले. फेब्रुवारीत डेन्मार्कच्या व्यंगचित्रांवरून जगभर जाळपोळ झालेली होती. अशा वेळी पोलीस खात्यातला कोणताही अधिकारी फाइलवर ‘धोका नको’ असेच लिहील. एवढ्यापुरती सरकारची भीती मला समजते.

पण ती भीती या चित्रपटाला लागू पडत होती का? गोव्याच्या चर्चबाहेर लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहतील, पत्रके वाटतील, रविवारच्या प्रवचनात पाद्री दोन शब्द सुनावतील. थिएटर जाळण्याचा इथल्या कॅथलिक समाजाचा इतिहास नाही. केरळात ख्रिस्ती लोकसंख्या १९ टक्के, माणसे गोव्याच्या कितीतरी पट, तरी केरळचे नाव बंदी घालणाऱ्यांत नव्हते. मुंबईत तर आंदोलनाचे मूळच होते, आणि महाराष्ट्रात चित्रपट लागला. मग गोव्यालाच शांतता भंगाचा धोका कुठून आला?

माझे म्हणणे असे, की धोका नव्हताच. एक संधी मात्र होती. एखाद्या समाजाला ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ हे सांगायचे सरकारकडे पुष्कळ मार्ग असतात, पण बहुतेकांना पैसे लागतात किंवा कोणीतरी दुसरे दुखावते. किनाऱ्यावरची बांधकामे थांबवली तर बिल्डर रागावतो. मच्छीमारांना डिझेलवर सवलत दिली तर तिजोरी रिकामी होते. शाळांच्या माध्यमाचा प्रश्न काढला तर कोकणीवाले आणि मराठीवाले दोघेही रस्त्यावर येतात. परदेशी चित्रपटावर बंदी घातली तर? कोणाचेच काही जात नाही. दिग्दर्शक अमेरिकेत, स्टुडिओ सोनीचा, नट अमेरिकन. गोव्यात त्यांचा एकही मतदार नाही, एकही कामगार संघटना नाही, त्यांच्यासाठी विधानसभेत हात वर करणारा एकही आमदार नाही.

हे कारण मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो. देशी चित्रपट अडवला की निर्माता दूरदर्शनच्या वाहिन्यांवर येऊन रडतो, नट कोणत्या तरी पक्षाच्या जवळचा निघतो, तंत्रज्ञांच्या संघटना निवेदने देतात, पैसे लावणारा शेठ मंत्रालयात फेऱ्या मारतो. बंदी उठवायला कोणीतरी झटत असते. परदेशी चित्रपट म्हणजे बाजारात आलेला परगावचा फेरीवाला. त्याची टोपली उचलून नेली तरी शेजारचा दुकानदार तोंड उघडत नाही.

आणखी एक विसंगती नोंदवायलाच हवी. २००४पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो. त्यासाठी मांडवीच्या काठी जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात मल्टिप्लेक्स उभे राहिले, मनोरंजन सोसायटी स्थापन झाली, ‘भारताचे कान’ म्हणून गोव्याची जाहिरात झाली. खऱ्या कानने ज्या चित्रपटाने आपला महोत्सव उघडला, तोच इथे बंद. महोत्सवात तर परदेशी चित्रपट सेन्सॉरच्या प्रमाणपत्राविनाच दाखवले जातात. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याचे ९वे कलम केंद्राला तशी सूट द्यायचा अधिकार देते. नोव्हेंबरात त्याच इमारतीत, त्याच खुर्च्यांवर बसून डेलिगेट मंडळी इराणपासून अर्जेंटिनापर्यंतचे नग्न, हिंसक, देवाधर्माला प्रश्न विचारणारे काय काय पाहतात आणि पणजीत कोणाची भावना दुखावत नाही. गळ्यात पास अडकवलेला प्रेक्षक समंजस आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक माथेफिरू, असे काहीसे या व्यवस्थेचे मत दिसते.

आमच्या वाड्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात, कॅथलिक, रोज सकाळी मिसला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जाणारे. त्यांनी कादंबरी वाचली होती आणि त्यांना ती भिकार वाटली होती. बंदीचा विषय निघाला तेव्हा मी म्हटले, “सर, निदान तुमच्या भावनांची सरकारला काळजी आहे म्हणायची.” ते हसले. “आमी कितें भुरगीं रे?” (आम्ही काय लहान मुले आहोत?) म्हणाले, आणि मग मराठीत, माझ्यासाठी, “माझी श्रद्धा दोन हजार वर्षे टिकलीय. टॉम हँक्सने ती जात असेल तर मग जाऊच दे.” सरांची मुलगी तेव्हा पुण्यात होती. तिने तो पाहिला आणि झोप आली म्हणून फोनवर सांगितले. गोव्यातल्या बहुतेक कॅथलिक घरांतले कोणी ना कोणी मुंबईत, आखातात, लिस्बनला किंवा लंडनला असतेच. त्यांच्यापैकी कोणालाही हा चित्रपट पाहायचा असेल तर गोवा सरकार काय करू शकत होते?

हाच चित्रपट, दुसरी सरकारे

आता गोव्याबाहेर पाहू. इथे हे प्रकरण खऱ्या अर्थाने रंगते.

पाकिस्तानने जूनच्या सुरुवातीला बंदी घातली. तिथे ख्रिस्ती लोक दोन टक्क्यांच्याही खाली, आणि एरवी त्यांच्या भावनांची फार कदर होते असे म्हणवत नाही. पण येशू इस्लाममध्ये पैगंबर आहे, आणि व्यंगचित्रांवरून रान उठलेल्या त्या वर्षात ‘आम्ही सगळ्याच पैगंबरांचा मान राखतो’ असे म्हणण्यात सरकारचा फायदा होता. बंदी ख्रिस्ती माणसासाठी म्हणून घातली, पण ऐकवायची होती ती बहुसंख्याकांना. इजिप्तमध्ये सांस्कृतिक मंत्री फारूक होस्नी यांनी संसदेत उठून चित्रपट आणि पुस्तक दोन्हींना नकार जाहीर केला. तिथे कॉप्टिक ख्रिस्ती खासदारांच्या तक्रारीला मान दिल्याचे पुण्य मिळाले आणि इस्लामी पक्षांनाही बोलायला जागा उरली नाही. लेबनॉनमध्ये चित्रपट तपासण्याचे काम सुरक्षा खात्याकडे असते आणि धर्माचा प्रश्न आला की ते खाते त्या त्या धर्माच्या संस्थेचे मत विचारते. अठरा पंथांत सत्ता वाटून घेतलेल्या त्या देशात एका पंथाला ‘नाही’ म्हणणे म्हणजे सरकारच्या पायाखालची वीट काढणे. जॉर्डननेही तो अडवला. श्रीलंकेत कॅथलिक बिशपांनी राष्ट्राध्यक्ष महिंद राजपक्षे यांच्याकडे मागणी केली आणि ती मान्य झाली. तमिळ प्रश्नावर युद्ध पुन्हा भडकू लागलेल्या त्या महिन्यांत सिंहली आणि तमिळ अशा दोन्ही बाजूंना अनुयायी असलेल्या चर्चला दुखवायची त्यांची तयारी नसावी, असा माझा तर्क.

थायलंडमध्ये चित्रपट तपासायचे काम तेव्हा पोलिसांच्या समितीकडे होते. समितीने शेवटची दहा मिनिटे कापायचा हुकूम दिला. रहस्यपटाची शेवटची दहा मिनिटे! वितरकाने अपील केले आणि दुसऱ्याच दिवशी हुकूम मागे घेऊन नुसत्या पाटीवर भागवले. फिलिपिन्समध्ये राष्ट्रीय मंडळाने १८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी परवानगी दिली, पण मनिला शहराच्या नगरपरिषदेने शहरापुरती बंदी केली. त्यात तिथली सर्वांत मोठी मॉल साखळी असल्या प्रौढ-प्रमाणपत्राच्या चित्रपटांना आपल्या पडद्यावर तेव्हा जागाच देत नसे. म्हणजे सरकारने ‘बंदी’ हा शब्द न उच्चारता नुसत्या प्रमाणपत्राच्या अक्षराने निम्मे काम करून टाकले. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आणि चीन. चीनला येशूचे लग्न झाले काय आणि न झाले काय. तिथे चित्रपट थाटात लागला, तीन आठवड्यांत दहा कोटी युआनच्या वर धंदा केला, आणि ९ जूनच्या सुमारास एकदम सगळ्या पडद्यांवरून उतरला. सांगितलेले कारण असे, की देशी चित्रपटांना जागा करून द्यायची आहे. तिथल्या सरकारमान्य कॅथलिक संघटनेनेही नाराजी दाखवली होती, त्यामुळे काहींनी तेही एक कारण मानले. पण ते पहिले कारण नुसता बहाणा होता असे मला वाटत नाही. चीन तेव्हा कमाईत वाटा देऊन वर्षाला फक्त २० परदेशी चित्रपट आत घेत असे. हेतू हाच, की तिकीटबारीवरचा पैसा देशी कंपन्यांकडे राहावा. एखादा परदेशी चित्रपट नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर कमवू लागला की त्याला खाली बसवायचे. जे सरकार श्रद्धेसाठी अडवते आणि जे पैशासाठी अडवते, दोघांच्या हुकुमाची भाषा मात्र सारखीच सभ्य असते.

व्हॅटिकनला चारही बाजूंनी वेढून असलेल्या इटलीत चित्रपट बंदीविना लागला. कॅथलिक पोर्तुगालमध्येही. ज्या पोर्तुगालने गोव्यात साडेचारशे वर्षे राज्य केले आणि हुकूमशहा सालाझारच्या काळात वर्तमानपत्राचा प्रत्येक अंक सेन्सॉरच्या शिक्क्याखाली काढायला लावला, त्या पोर्तुगालने १९७४च्या क्रांतीनंतर तो शिक्का टाकून दिला. आपल्याकडे १९६१च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले. लग्नाच्या पत्रिकासुद्धा छापण्याआधी तपासून घ्याव्या लागत, असे सांगणारी जुनी माणसे माझ्या लहानपणी घराघरांत होती. सरकारने कोणती गोष्ट बघावी-वाचावी हे ठरवण्याचा तिटकारा खरे तर गोव्याच्या हाडात असायला हवा.

या सगळ्या देशांची यादी पुढे ठेवली की एक गोष्ट ठळक होते. चित्रपट तोच, संवाद तेच, शेवट तोच. बदलले ते प्रत्येक सरकारचे घरचे दुखणे. कराचीत जे दुखत होते ते बीजिंगमध्ये नव्हते आणि बीजिंगचे पणजीत नव्हते. म्हणून एखाद्या बंदीचा अभ्यास करताना मी चित्रपटातले दृश्य शोधत बसत नाही. आधी पाहतो त्या महिन्यात त्या सरकारची खुर्ची कोणत्या पायावर डगमगत होती.

कोर्टात कोण गेले

आंध्रात वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या सरकारने १ जूनला बंदी घातली. वितरक उच्च न्यायालयात गेले. २१ जून रोजी न्यायमूर्ती गोडा रघुराम यांनी बंदी रद्द केली. निकालाचा गाभा हा, की तज्ज्ञ मंडळाने पाहून पास केलेला चित्रपट सरकारने स्वतः न बघता, नुसत्या आलेल्या निवेदनांवरून अडवता येत नाही. शांतता भंगाची शक्यता म्हणायची तर तिला काही आधार हवा. तमिळनाडूतही सोनीच्या वितरण कंपनीने दाद मागितली आणि त्याच पावसाळ्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रभा श्रीदेवन यांनी तिथली बंदी मोडली. दरम्यान देशभर बंदी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्येच फेटाळली होती.

हे निकाल आकाशातून पडले नव्हते. १९८९ सालच्या रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हणून ठेवले होते की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबणे म्हणजे कायद्याचे राज्य नाकारणे आणि धाकदपटशापुढे शरण जाणे. कायदा-सुव्यवस्था राखणे हे सरकारचे कर्तव्य आहे, ते जमत नाही असे सांगून चित्रपट बंद करता येत नाही. पुढे २०११मध्ये उत्तर प्रदेशने आणि २०१८मध्ये राजस्थान, गुजरात, हरियाणा, मध्य प्रदेशने हिंदी चित्रपटांवर घातलेल्या बंदीही याच तत्त्वावर कोसळल्या.

वकील आजही या विषयावर आंध्र आणि मद्रासचे निकाल पुढे करतात, गोव्याचा नाही. याचे कारण मला धंद्यात दिसते. चित्रपट वितरणाच्या नकाशात गोवा मुंबई सर्किटचा एक कोपरा आहे. हैदराबाद आणि चेन्नई या मोठ्या बाजारपेठा. तिथे खटल्याचा खर्च दोन आठवड्यांच्या गल्ल्यातून निघतो. गोव्यात इंग्रजी चित्रपट चालणारे पडदे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वरिष्ठ वकिलाची एका तारखेची फी आणि गोव्यातली संपूर्ण कमाई यांची तुलना केली तर कोणताही हिशेबनीस फाइल मिटेल. शिवाय तोवर चित्रपटाच्या बेकायदा सीडी बाजारात येतातच, आणि कादंबरी तर पणजीच्या दुकानांत होतीच. त्यामुळे लहान राज्यातली बंदी बहुधा कोर्टाची पायरी न चढता आपोआप विरते, आणि जो आदेश कधी तपासलाच गेला नाही तो पुढच्या सरकारला दाखला म्हणून उरतो.

सोनीला याचा फटका बसला असेही नाही. जगभरात चित्रपटाने ७५ कोटी डॉलरच्या वर कमावले. बंदीच्या बातम्यांनी त्यातले किती वाढवले हा वेगळा अभ्यास होईल.

आता अधिकार कुठे आहे

२०२३च्या दुरुस्तीने सिनेमॅटोग्राफ कायद्यात वयानुसार ७, १३ आणि १६ वर्षांचे नवे टप्पे आले आणि प्रमाणपत्र कायमचे झाले. राज्याच्या त्या इमारतीच्या अधिकाराला या दुरुस्तीने हात लावलेला नाही. तो जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर पूर्वीसारखाच आहे. मात्र त्याची किंमत घसरली आहे, कारण परदेशी चित्रपट आता मोठ्या प्रमाणात मोबाइलवर आणि घरच्या टीव्हीवर येतो. तिथे ना परवाना लागतो ना बंदोबस्त. ऑनलाइन मजकूर अडवायचा अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्राकडे आहे, ओटीटीसाठीचे २०२१चे नियमही केंद्राचेच, आणि ६९अच्या कारणांत परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध हेही एक कारण लिहिलेले आहे. २००६ सालच्या गोवा सरकारला आज तीच बंदी घालायची असेल तर त्याला दिल्लीला पत्र लिहावे लागेल. आणि दिल्लीचा आदेश बंद पाकिटात निघतो : ६९अखालच्या २००९च्या नियमांतला १६वा नियम त्यावर गुप्ततेचे बंधन घालतो, त्यामुळे बंदी का घातली हे वितरकाला कोर्टात विचारायचे झाले तर आधी आदेशाची प्रत मिळवण्यासाठीच भांडावे लागते.